दोन बोटांचं माप

या मित्रांनो, या. असे लांब भिंतीला टेकून बसू नका, जरा पुढे सरका. माझा आवाज बारीक आहे. मला तोंड नाही. जे आहे ते एक भोक आहे, आणि त्यातूनच मला बोलायचं आहे. ज्याने मला झाडात वाढवलं आणि मग माणसाच्या हाती सोपवलं, त्या परमेश्वराचं नाव घेतो आणि गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण सांगताना माझा जीव आजही वरखाली होतो.

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. बशीएवढा गोल, चार बोटं जाड, आणि मधोमध आरपार भोक. आता तुमच्यातलं कुणीतरी हळूच म्हणणार, अहो, ठोकळ्याचं कसलं आलंय चरित्र! खरं आहे. मी खेळणं नाही. माझ्याशी कधी कुणी खेळलं नाही, मला उशाशी घेऊन कुणी झोपलं नाही. पण खेळण्यांच्या घरात मी चाळीस वर्षं काढली, आणि त्या घरातून बाहेर पडणारं प्रत्येक खेळणं आधी माझ्यासमोर हजर झालं. चाळीस वर्षांत मी एकाच आठवड्यात खोटं बोललो. पण त्या एका आठवड्यात तीनशे वेळा बोललो. आणि माझं खोटं खोक्यात बसून एका अनोळखी घरात, एका तान्ह्या जिवाजवळ जाऊन पोहोचलं.

आधी माझा जन्म सांगतो.

त्या घरातला बाप कातारी होता. म्हणजे लेथवर लाकूड फिरवायचं, त्याला पटाशी लावायची आणि गोल गोल वस्तू घडवायच्या. लेथ पायाने चालायचा आणि घराच्या पुढच्या खोलीतच होता, त्यामुळे घरात जेवणापासून झोपेपर्यंत सगळ्यावर भुशाचा पातळ थर असायचा. भोवरे, खुळखुळे, दोरीने ओढायच्या गाड्या, सगळं तो करायचा. पण त्याचा हात खरा बसला होता टोपीवाल्यावर. टोपीवाला म्हणजे अंगठ्यापेक्षा थोडा मोठा लाकडी माणूस. त्याची टोपी वेगळी निघायची. काढा, घाला, पुन्हा काढा. पोरांना तेवढंच पुरतं.

कातारीची मुलगी दीड वर्षाची होती. एका दुपारी तिने टोपी काढली, पण परत घातली नाही. ती तोंडात गेली, तोंडातून घशात गेली आणि तिथे अडकली. मी तेव्हा या घराचा जुना उंबरा होतो, म्हणून मी ते पाहिलं. पोरीचा आवाज बंद झाला. ओठ निळे पडले. बाप हातात पटाशी धरून उभाच राहिला, त्याला हलताच येईना. आई स्वयंपाकघरातून धावत आली, पोरीला मांडीवर पालथं घातलं, पाठीत थापा मारल्या, टोपी जराशी वर सरकली तशी दोन बोटं घातली आणि ओढून काढली. पोर रडली. मग आई रडली. बाप सगळ्यात शेवटी रडला.

त्याच आठवड्यात त्याने उंबरा बदलला. जुन्या उंबऱ्याचा एक तुकडा कापून लेथवर चढवला, गोल केला आणि बायकोला हाक मारली.

"बोटं दे."

"कुठली?"

"घातली होतीस ती."

तिने दोन बोटं जोडून माझ्यावर टेकवली. त्याने पेन्सिलीने भोवती रेघ मारली, मग भोक पाडलं आणि तिची दोन्ही बोटं आत घालून मोकळी फिरेपर्यंत ते कानसत राहिला. शेवटी तीच टोपी त्याने माझ्यावर धरली आणि सोडली. ती आरपार जाऊन आईच्या मांडीवर टप् करून पडली.

"यातून जे जाईल," तो म्हणाला, "ते उंबऱ्याबाहेर जाणार नाही."

असा मी उंबऱ्याचा ठोकळा झालो. देवाने कुणाला रंग दिला, कुणाला चाकं दिली. मला त्याने एक रिकामी जागा दिली आणि म्हणाला, हीच सांभाळ. सोपं वाटतं ना? रिकामी जागा सांभाळणं फार अवघड असतं हो.

ती टोपी बाप चुलीत टाकणार होता. आईने ती काढून घेतली आणि सुईदोऱ्याच्या डब्यात बटणांखाली ठेवली. तिच्यावर दोन इवल्याशा दातांच्या खुणा होत्या. आणि दोघांनी ठरवलं की पोरीला हे कधी सांगायचं नाही. बाप खेळणी करणारा, आणि त्याच्याच खेळण्याने त्याच्याच पोरीचा गळा धरला. हे वाक्य त्याच्या जिभेवर कधी आलंच नाही. ते घरात तसंच राहिलं, भुशाखाली.

पुढची वर्षं कामाची होती. कातारी घडवायचा, लाखेच्या कांडीने रंग चढवायचा. लाकूड फिरत असताना कांडी टेकवली की लाख वितळून बसते आणि कापडाने घासली की आरशासारखी चमकते. मग आई मला मांडीवर घेऊन बसायची आणि एकेक सुटा भाग माझ्यावर सोडायची. अडकला तर ओरडायची, "राहिलं!" आरपार पडला तर, "गेलं!" टोपी असो, चाक असो की मणी, तिचं व्याकरण एकच. "राहिलं" म्हणजे पास. "गेलं" म्हणजे थेट चुलीत. आतून "राहिलं" ऐकू आलं की लेथवरचा पाय जरा जोरात चालायचा. त्या घरात त्याहून आनंदाचा शब्द नव्हता.

टोपीवाल्याची टोपी तेव्हापासून चांगली दणदणीत झाली. शेजारपाजारचे हसायचे. "टोपीला माणूस लावलाय की माणसाला टोपी?" कातारी हसायचा नाही, पुढची टोपी लेथवर चढवायचा.

पोर मोठी झाली. आता ती ताई झाली. छापखान्यात काम करणाऱ्या एका हसतमुख माणसाशी तिचं लग्न झालं आणि जावई याच घरात येऊन राहिला. ताईच्या हातात बापाची कला होती आणि डोक्यात काहीतरी वेगळंच चालू होतं. बाप टोपलीत खेळणी घेऊन दारोदार फिरायचा, आठवड्याला दहा-वीस जायची. ताई म्हणाली, "बाबा, हे असं किती दिवस? नीट धंदा करू या." तिने लेथला मोटर बसवली. मागच्या अंगणात शेड घातली. जावयाने खोक्यांचे नमुने आणले. आई लेबलं चिकटवायला बसली. बाबांना मोटरचा आवाज सोसेना, ते लाकूड कापायला अंगणात गेले आणि तिथलेच झाले.

आणि एक दिवस बाजारातल्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानाच्या मालकीणबाई आमचा कारखाना पाहायला आल्या. कारखाना म्हणजे तीच पुढची खोली. त्यांनी टोपीवाला उचलला, हसल्या, आणि मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"हा काय प्रकार आहे?"

"हा आमचा परीक्षक," ताई म्हणाली. "जे यातून जातं ते नापास. बाबांचा नियम आहे, मी लहान असल्यापासून."

"अहो, मग हे छापा ना खोक्यावर! आईबापांना हेच तर हवं असतं. तीनशे टोपीवाले द्या मला. चांगले गेले तर दर महिन्याला घेईन."

दर महिन्याला! बाई गेल्यावर ताईने आईला धरून गरागरा फिरवलं.

आता नीट ऐका मित्रांनो, घात इथे झाला. आणि घात करणाऱ्याच्या मनात माझ्याबद्दल माया होती.

खोक्यावर माझा फोटो छापायचा म्हणून ताईने मला हातात घेतलं. इतक्या वर्षांचा तेलकट, काळा पडलेला मी. "किती राबलास रे," ती मला म्हणाली, अगदी असंच म्हणाली, आणि मला लेथवर चढवलं. लाल लाख दिली. फोटोत काळपट आली. मग वर पिवळी दिली, ती फिकी दिसली. मग पुन्हा लाल, जाड. आणि भोकाची आतली भिंत काळी राहिली तर फोटोत विवर दिसेल, म्हणून प्रत्येक वेळी कांडी आतही फिरवली. कातारी घरातली पोर ती. जे आवडतं त्याला लाख लावायची, एवढंच तिला ठाऊक.

बाबा अंगणातून डोकावले. "नटवलंस होय त्याला," म्हणाले आणि परत गेले. आत बोट घालून कुणी पाहिलं नाही.

आणि मी? लपवत नाही. मला ते आवडलं. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला खेळण्यासारखं रंगवलं होतं. मी चमकत होतो. माझी रिकामी जागा मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढी आवळली गेली होती हे मला जाणवलं, आणि मी म्हटलं, एवढ्याने काय होतंय!

दोन दिवसांनी मालकीणबाईंचा निरोप आला. त्यावरून घरात वाजलं.

"बाबा, त्या म्हणतात टोपी फार मोठी आहे. तिच्यामुळे खोक्याचं झाकण लागत नाही."

"मग खोकं मोठं करा."

"मोठं खोकं त्यांच्या फळीवर बसत नाही. टोपी जरा आवळायची, बस्स."

"टोपी आहे तेवढी राहू दे."

"पण का?"

बाबा करवतीच्या दातांवरून बोट फिरवत राहिले.

"कारण सांगा ना बाबा. 'राहू दे' हे काय कारण झालं?"

"सासरेबुवा, खरं सांगू का," जावई मध्ये पडला, "गिऱ्हाईक मला विचारतं, हा छत्रीवाला आहे का?"

आतून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, तुमचं तोंड एका खोक्यात घाला आणि वरून चिकटपट्टी लावा!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. करवत खाली ठेवून ते म्हणाले, "ठोकळ्याला विचार. ठोकळा राहिलं म्हणाला तर कर."

पाहिलंत? त्यांनी स्वतःचं तोंड उघडण्याऐवजी भार माझ्यावर टाकला. एरवी तो मी आनंदाने उचलला असता. पण आता माझा घसा भरलेला होता.

ताई प्रामाणिक पोर. तिने एक टोपी घडवली, माझ्यावर सोडली. राहिली. जराशी लहान केली. राहिली. आणखी जराशी लहान केली. असं करत करत माझ्या काठावर जेमतेम अडकेल इतकी लहान टोपी तिने शोधून काढली. तीन-तीनदा सोडून पाहिली. "राहिलं!" ती आईसारखीच ओरडली, आणि आतून आई कौतुकाने हसली.

मला तेव्हा कळलं, मित्रांनो. ती टोपी जवळजवळ त्या जुन्या टोपीएवढीच होती. सुईदोऱ्याच्या डब्यातल्या.

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मोटर घुंघुं करायची, टोप्या पडायच्या, ताई एकेक माझ्यावर सोडायची. राहिलं. राहिलं. राहिलं. मी मनात ओरडायचो, अगं गेली, ही गेली, ही पण गेली! पण लाकडाला ओरडता येत नाही. लाखेला तडा जावा म्हणून मी देवाला विनवलं. तडा गेला नाही. उत्तम लाख होती, बाबांच्याच हातची.

तीनशे झाले. खोकी बंद झाली. प्रत्येकावर माझा लाल चमकता फोटो आणि खाली ओळ होती, "प्रत्येक भाग ठोकळ्यातून तपासलेला." सकाळी नऊ वाजता टेंपो आला आणि माल घेऊन गेला. ताई दारात उभी राहून तो वळेपर्यंत हात हलवत होती.

दुपारी आई आवराआवर करायला बसली. काम संपलं की ती माझ्यात दोन बोटं घालून एकदा फिरवायची, आतला भुसा काढायची. इतक्या वर्षांची सवय. ताईच्या गडबडीत ते आठवडाभर राहून गेलं होतं. तिने बोटं घातली, आणि ती पहिल्या पेरावरच थांबली.

"अगं बाई," ती म्हणाली, "माझी बोटं सुजली वाटतं."

"सुजणारच सासूबाई," जावई म्हणाला. "तीनशे लेबलं चिकटवलीत. दुसरीकडे असतात तर याची भरपगारी रजा मिळाली असती."

ती हसली. पुन्हा बोटं घातली. पुन्हा अडली. मग तिने सहज बोटातली अंगठी ओढून पाहिली. अंगठी नेहमीसारखी सैल निघाली, हातात आली. आई त्या अंगठीकडे बघत राहिली. तिचं हसू हळूहळू चेहऱ्यावरून उतरलं.

"अहो," तिने अंगणाकडे हाक मारली. "जरा या. माझी बोटं जात नाहीत."

बाबा आले, अंगावर लाकडाचा भुसा तसाच. त्यांनी मला उजेडात धरलं. भोकात नखाने खरवडलं. लाल चकलीसारखा तुकडा निघाला, त्याखाली पिवळा, त्याखाली पुन्हा लाल.

"हे आतून कुणी रंगवलं?"

"मी," ताई म्हणाली. "फोटोसाठी. का हो?"

ते आईला म्हणाले, "ती टोपी आण."

"कुठली टोपी?" ताईने विचारलं.

आईने डबा आणला. बटणं बाजूला केली आणि तळातून ती काढली. हिरवा रंग पार विटला होता, दातांच्या खुणा तशाच होत्या. बाबांनी ती माझ्यावर धरली. बोटं सुटली.

टप् आवाज झाला नाही. ती माझ्या गळ्यात शिरली आणि अर्ध्यावर घट्ट रुतून बसली.

"राहिलं," बाबा म्हणाले.

तीस वर्षांत तो शब्द मी असा कधी ऐकला नव्हता. ताईला काही कळेना. "मग बरंच झालं ना? राहिलं म्हणजे..."

"ही तुझ्या घशात अडकली होती," आई म्हणाली. "दीड वर्षाची होतीस. ही. हीच. तू निळी पडली होतीस. हा ठोकळा त्यानंतर केला."

ताईचा हात आपोआप गळ्याकडे गेला. तिने माझ्याकडे पाहिलं, अडकलेल्या टोपीकडे पाहिलं, मग दाराकडे, जिथून सकाळी टेंपो गेला होता. "तीनशे," ती म्हणाली. एवढंच.

मग तिने रडण्यात एक क्षण घालवला नाही. दुकानाचा फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला, लागला नाही. "तुम्ही लावत राहा," ती नवऱ्याला म्हणाली आणि स्कूटरची किल्ली घेतली. मला पिशवीत टाकलं, त्या टोपीसकट.

"मी येतो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही कशाला?"

"पहिली टोपी मी केली होती."

निघताना त्यांनी फळीवरचा एक जुना, मोठ्या टोपीचा टोपीवाला खिशात कोंबला. माणूस आत गेला, टोपी बाहेरच राहिली.

म्हातारा बाप आयुष्यात पहिल्यांदा लेकीच्या मागे बसला, आणि मी त्याच्या मांडीवर होतो. रस्ता मला दिसत नव्हता. फक्त हॉर्न, ब्रेक, आणि ताईचं पुटपुटणं ऐकू येत होतं, "चल ना, चल ना, चल ना." माझ्या गळ्यात ती टोपी होती. घास अडकल्यावर माणसाला कसं वाटतं ते मला त्या दिवशी समजलं. देवा, मी म्हणत होतो, मला खुशाल चुलीत घाल. पण आज कुणाच्या घशाशी माझं नाव जोडू नकोस.

दुकानात आमची खोकी छान रचून ठेवली होती. मालकीणबाई खूश होत्या. "अरे वा, तुम्हीच आलात? मोठ्या माणसांनासुद्धा मोह होतोय हो..."

"विकले का?" ताईने विचारलं. "बाई, एकही विकला का?"

"एक गेला ना. तासाभरापूर्वी. का? असं काय करताय?"

"टोप्या लहान आहेत. आमचा ठोकळा चुकला. म्हणजे मीच चुकवला. कुणी नेला?"

मालकीणबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी एक खोकं उचललं, माझा फोटो आणि खालची ओळ वाचली, आणि ते ताईसमोर ठेवलं. "हे वाचून मी माल घेतला," त्या म्हणाल्या. "हे वाचून तिने पोरासाठी नेलं. चाव्या बनवणाऱ्याची बायको. मागच्या गल्लीत, जिन्यावरची खोली. पळा!"

जिना अरुंद होता. दाराशी चाव्यांचे घोसच्या घोस टांगलेले, आत कानशीचा खर्रखर्र आवाज. चावीवाला कामात होता, त्याची बायको भांडी विसळत होती.

"तुमचं बाळ कुठे आहे?" ताई उंबऱ्यातूनच ओरडली.

"कोण तुम्ही? खेळतंय ते. तिकडे, टेबलाखाली. आज शहाण्यासारखं गप्प बसलंय."

गप्प! मित्रांनो, तो शब्द ऐकून बाबांनी मला छातीशी इतकं घट्ट धरलं की मला त्यांच्या काळजाचे ठोके लागले. ताई गुडघ्यांवर खाली गेली. टेबलाखाली बाळ पाठमोरं बसलं होतं. त्याच्यापुढे टोपीवाला आडवा पडला होता, उघड्या डोक्याचा. टोपी कुठेच नव्हती.

तिने बाळाला आपल्याकडे वळवलं. त्याचे गाल फुगलेले होते आणि ओठांत टोपीची लाल कड दिसत होती. बाळ ती मजेत आत ओढत होतं, जणू ती त्याचीच. ताईने दोन बोटं पुढे केली, हलकेच कड धरली आणि एका झटक्यात टोपी बाहेर काढली.

बाळाने आधी तिच्याकडे रागाने पाहिलं. मग जे भोकाड पसरलं! चावीवाल्याच्या हातून कानस पडली. मी पुष्कळ गोड गाणी ऐकली आहेत, पण त्या रडण्याच्या तोडीचं एकही नाही. श्वास चालू असला की माणूस रडतो. देवाची केवढी ही दया!

"अहो, विकलेलं परत हिसकावायला आलात?" त्याची आई धावून आली. "पोराच्या तोंडातलं काढता? लाज नाही वाटत?"

"वाटते," बाबा म्हणाले. म्हातारा दारात मला धरून उभा होता. "लाजच वाटते, बाई. तीस वर्षं वाटते." आणि जे त्यांना स्वतःच्या लेकीला सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी त्या अनोळखी खोलीत सगळं सांगितलं. दुपार, पटाशी, निळे ओठ, दोन बोटं. माझ्यात अडकलेली टोपी दाखवली. ताई जमिनीवर बसून ऐकत होती, हातात दुसरी टोपी, ओली. ती बाई ऐकता ऐकता हळूच खाली बसली आणि बाळाला तिने पदराआड घट्ट धरलं.

बाबांनी खिशातून जुना टोपीवाला काढला. बाळाने रडं थांबवलं. मोठी टोपी दोन्ही हातांनी धरली, तोंडाला लावली, फिरवून पाहिली, पुन्हा लावली. जाईना. शेवटी कंटाळून जमिनीवर आपटली आणि हसलं.

"राहिलं," ताई म्हणाली, आणि मग ती रडली.

उरलेला सगळा माल परत आला. मालकीणबाईंनी ठणकावून सांगितलं, पुन्हा यायचं तर आधी मोठी टोपी करून आणा. घरात दोन दिवस मोटर बंद होती. मी फळीवर पडलेला, गळ्यात टोपी तशीच. मला वाटलं, झालं आपलं. आता चूल.

तिसऱ्या दिवशी बाबांनी मला मांडीवर घेतलं. ताईला जवळ बसवलं. दोघांनी मिळून माझ्या आतली लाख खरवडली. लाल, पिवळी, लाल. आई बोटं घालून बघायची आणि म्हणायची, "अजून." पुन्हा खरवड. "अजून जरा." शेवटी टोपी आपोआप सुटली, टप् करून आईच्या मांडीवर पडली आणि आई जोरात ओरडली, "गेलं!" त्या दिवशी त्या घरात प्रथमच "गेलं" ऐकून सगळे हसले.

टोपी पुन्हा मोठी झाली. खोक्यात बसेना. जावयाने डोकं खाजवलं आणि खोक्याच्या झाकणालाच गोल भोक पाडलं. टोपीवाला आत आणि टोपी बाहेर. "छत्रीवाला झाला तर झाला," तो म्हणाला, "पण ऐटीत उभा आहे!" मालकीणबाईंनी रांगेने टोप्या बाहेर आलेली ती खोकी पाहिली आणि एक टोपी उपसून निरखली. मग म्हणाल्या, "पन्नास ठेवा. बघू." पन्नासाचे पुढे शंभर झाले. आज शेडमध्ये तीन लेथ आहेत.

माझा रंग बाहेरून अजून आहे, थोडा उडालेला. आतून मी कोरा आहे. आणि रोज सकाळी काम सुरू होण्याआधी ताई ती विटकी हिरवी टोपी माझ्यावर सोडते. ती गेली तरच लेथ सुरू होतो. आधी माझी परीक्षा, मग मी बाकीच्यांची घेणार. मला त्यात कमीपणा वाटत नाही. तुम्हीही ज्याच्यावर भरवसा ठेवता त्याच्यावर माया करा, जरूर करा, पण त्याच्या आत एकदा बोट घालून बघत जा. आणि मनात एखादी गोष्ट अडली असेल तर ती ठोकळ्यावर टाकू नका, आपल्या माणसाला सांगून टाका.

आता उठण्याआधी एक मागणं. आई आता या जगात नाही. भिंतीवर तिचा फोटो आहे, तिचा सुईदोऱ्याचा डबा ताईने जपलाय. पण फोटोत तिचे हात आलेले नाहीत. तिच्या त्या दोन बोटांचं माप उभ्या जगात फक्त माझ्यापाशी उरलंय. ते मी रिकामं जपून ठेवलंय. तुमच्या हाती कधी एखादं लाकडी खेळणं आलं, त्याचं चाक किंवा टोपी तोंडात जाणार नाही इतकी मोठी दिसली, तर हसू नका. क्षणभर थांबा, आपली दोन बोटं जोडा, आणि तिची आठवण काढा.